गेममध्ये ‘नाशिक’चं ‘नाशकि’ होतंय? मराठी मजकुराच्या डेटा फाइल्समधला बिघाड कसा शोधावा

भाषांतर एक्सेलमध्ये नीट दिसतं, गेम चालू केला की पडद्यावर भलतंच येतं. तक्रार एकच असते, ‘मराठी बिघडलं’, पण तिच्याखाली निदान आठ-नऊ वेगळे बिघाड येतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. खालच्या उदाहरणांसाठी नाशिक परिसरात घडणारा एक खेळ धरला आहे: पंचवटी, त्र्यंबकेश्वर, ब्रह्मगिरी, सप्तशृंगी अशी ठिकाणांची नावं, काही वस्तू, थोडे संवाद, आणि हे सगळं सीएसव्ही किंवा जेसन फाइलमध्ये (साध्या मजकुरात डेटा ठेवण्याचे दोन प्रकार).

लक्षणं

• रिकामे चौकोन: मजकूर बहुतेक शाबूत आहे, फॉन्टमध्ये ती अक्षरं नाहीत.

• अक्षरागणिक प्रश्नचिन्ह: सेव्ह होतानाच मजकूर गेला. सगळ्यांत वाईट लक्षण हेच.

• डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याला लागून चलनाचं गोल चिन्ह किंवा येनचं चिन्ह, आणि हाच नमुना ओळभर: यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवण्याची नेहमीची पद्धत) मधले बाइट विंडोज-१२५२ (विंडोजची जुनी, रोमन लिपीची पद्धत) समजून वाचले गेले.

• रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता, पण वरचा नमुना नाही: मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या एकाच ठरलेल्या संकेतांमध्ये, नाहीच, जुन्या डीटीपी फॉन्टचा आहे.

• ‘नाशिक’चं ‘नाशकि’, जोडाक्षरं फुटून पायमोडकी, रफार जागेवर नाही: मजकूर बरोबर आहे, पण गेमला देवनागरी जुळवता येत नाही.

• ‘दऱ्या’चं ‘दर्या’: एक अदृश्य चिन्ह वाटेत गळलं.

• लांब नावं शेवटी कापलेली, कधी शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह: जागा बाइटमध्ये मोजली आहे.

• संवादाऐवजी त्याची की, म्हणजे फाइलमधलं त्याचं ओळखनाव, दिसते, भलताच संवाद येतो किंवा रकाने सरकलेले असतात: फाइलची रचना किंवा आयात चुकली.

• अक्षरांमध्ये फटी, शिरोरेघ तुटक, वेलांटीचा माथा किंवा उकाराचं टोक छाटलेलं: मांडणीच्या सेटिंगचा प्रश्न.

हात लावण्याआधी

फाइलची प्रत काढा आणि मूळ फाइल पुन्हा कशातही उघडून सेव्ह करू नका. चुकीच्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या चुकीच्या पद्धतीत, नुसती उघडलेली फाइल वाचवता येते. त्याच अवस्थेत सेव्ह केलेली बऱ्याचदा येत नाही.

दुसरी गोष्ट मी अगदी आग्रहाने सांगतो. पडद्यावर बरं दिसावं म्हणून फाइलमधला मजकूर वाकवू नका. ‘नाशकि’ दिसतंय म्हणून कुणी फाइलमध्ये ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या आधी नेऊन ठेवतं आणि त्या पडद्यावर ते बरोबर दिसूही लागतं. पण आता फाइलमधला शब्द मराठी राहिलेला नसतो. शोध चालत नाही, स्पेलचेक चालत नाही, आणि पुढे इंजिन, म्हणजे गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, सुधारलं की बरोबर लिहिलेल्या ओळी नीट दिसतात, दुरुस्त केलेल्या मोडतात. चारशे ओळींत कोणत्या ओळी वाकवल्या आहेत हे मग हाताने शोधावं लागतं.

पहिली तपासणी: तीच ओळ दुसरीकडे चिकटवा

फाइल ब्राउझरमध्ये उघडा, किंवा बिघडलेली ओळ उचलून मोबाइलवर स्वतःलाच पाठवा. खर्च शून्य, वेळ एक मिनिट. तिथे नीट दिसली तर फाइल बरोबर आहे आणि दोष गेमच्या वाचण्यात किंवा दाखवण्यात आहे. तिथेही बिघडलेली दिसली तर फॉन्ट बदलण्यात वेळ घालवू नका, दोष फाइलमध्येच आहे. पुढची अर्धी कामं या एका उत्तरावर वाचतात.

चाचणीसाठी ही ओळ फाइलमध्ये कायमची ठेवा: त्र्यंबकेश्वर, ब्रह्मगिरी, सप्तशृंगी, कार्तिक, दऱ्या, ॲप, नाशिक. तीन व्यंजनांचं जोडाक्षर, ‘ह्म’, ‘शृ’, वेलांटीवरचा रफार, अर्धचंद्री र, ‘ॲ’ आणि ऱ्हस्व वेलांटी, सगळं तीत आहे. ही ओळ बरोबर उमटली तर बाकीचं बहुतेक उमटतं.

दुसरी: मजकूर युनिकोडमध्ये आहे का

नाशिकमध्ये काय किंवा इतरत्र काय, छपाई आणि डीटीपीच्या धंद्यात अजूनही श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर हाती येतो. वर्डमध्ये तो सुरेख मराठी दिसतो. निवडून त्याचा फॉन्ट एरियल करा. रोमन कचरा झाला तर तो मजकूर म्हणजे रोमन संकेतांवर चढवलेली मराठी चित्रं आहेत, आणि गेममध्ये रोमन कचराच जाणार. एन्कोडिंग बदलून हे सुटत नाही. त्या विशिष्ट फॉन्टचा कन्व्हर्टर वापरून युनिकोड करून घ्या. फॉन्टच्या प्रत्येक कुळाची मांडणी वेगळी असल्यामुळे ‘कोणताही फॉन्ट चालेल’ म्हणणाऱ्या साधनावर विसंबू नका. रूपांतरानंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ असलेले शब्द एकेक करून वाचा, चुका तिथेच होतात.

तिसरी: फाइल कोणी, कशी सेव्ह केली

सर्वाधिक बिघाड इथे होतात, म्हणून इथे थांबून नीट बघा.

एक्सेलमध्ये साधं ‘सीएसव्ही’ निवडून सेव्ह केलं की मजकूर विंडोजच्या जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे मर्यादित अक्षरसंचात, जातो. त्यात देवनागरी नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. ते दिसण्यापुरतं नसतं, फाइलमध्ये खरोखर प्रश्नचिन्हाचा बाइट बसतो आणि आधीचं अक्षर कुठेच उरत नाही. अशा फाइलवर साधनं चालवत बसू नका. भाषांतरकाराकडून मूळ एक्सेल फाइल मागवा.

‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडलं तर मजकूर वाचतो, पण फाइलच्या सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट लागतात. यालाच बॉम म्हणतात. एक्सेलला ते हवे असतात, कारण त्यांच्याशिवाय दोनदा क्लिक करून उघडलेली सीएसव्ही तो जुन्या कोडपेजमध्ये वाचतो. पुष्कळ गेम इंजिनांना ते नको असतात. गोडोट या गेम इंजिनच्या मार्गदर्शिकेत सीएसव्ही यूटीएफ-८ मध्ये आणि बॉमशिवाय हवी असं स्पष्ट म्हटलं आहे. जेसनचं मानक आरएफसी ८२५९ हेही देवाणघेवाणीच्या जेसनमध्ये बॉम घालू नका असंच सांगतं. बॉम राहिल्याची खूण ठरलेली आहे: सगळं चालतं, फक्त पहिलीच की किंवा पहिला रकाना सापडत नाही, कारण त्या नावापुढे एक न दिसणारं चिन्ह चिकटलेलं असतं.

यावर सोयीचा मार्ग म्हणजे संपादनासाठी लिबरऑफिस कॅल्क. सीएसव्ही उघडताना तो अक्षरसंच विचारतो. तिथे यूटीएफ-८ निवडा, विभाजक स्वल्पविराम ठेवा आणि सगळे रकाने ‘मजकूर’ प्रकारचे करा. सेव्ह करताना सर्व मजकूर अवतरणात घालण्याचा पर्याय चालू ठेवा. एक्सेलच वापरायचं असेल तर फाइल थेट उघडू नका. ‘डेटा’ टॅबमधून आयात करा आणि फाइलचं मूळ म्हणून ६५००१ हे यूटीएफ-८ चं कोडपेज निवडा. काम झाल्यावर बॉम काढणारी एक छोटी स्क्रिप्ट बिल्डमध्येच, म्हणजे गेम बांधण्याच्या पायऱ्यांतच, बसवा, माणसाच्या लक्षात ठेवण्यावर सोडू नका.

नोटपॅडबद्दल: विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, नवी फाइल आपोआप बॉमशिवाय यूटीएफ-८ मध्ये सेव्ह होते. त्याआधीच्या संगणकांवर ती एएनएसआयमध्ये, म्हणजे त्याच जुन्या कोडपेजमध्ये, जाते. भाषांतरकाराकडे जुना पीसी असेल तर आधी हे विचारा. पायथनची स्क्रिप्ट असेल तर फाइल उघडताना एन्कोडिंग स्पष्ट लिहा, कारण विंडोजवर ते न लिहिल्यास बहुतेक आवृत्त्या जुनं कोडपेज धरतात. बॉम असलेली फाइल वाचायला ‘यूटीएफ-८-सिग’ हा प्रकार आहे. जेसनमध्ये मराठीऐवजी उलट्या तिरक्या रेघेचे चार-चार आकडी संकेत दिसले तर घाबरू नका. ते वैध आहे, गेम बरोबर वाचतो, फक्त माणसाला वाचता येत नाही.

चौथी: की, स्वल्पविराम, कंस

मराठी वाक्यात स्वल्पविराम असतोच. अवतरणात न घातलेला स्वल्पविराम रकाना तोडतो आणि त्या ओळीतले पुढचे सगळे अनुवाद एक घर सरकतात. वाक्यातच दुहेरी अवतरण असेल तर ते दोनदा लिहावं लागतं. वर्डमधून आलेली वळणदार अवतरणं फाइलच्या रचनेसाठी अवतरणं नसतात, ती मजकुरात चालतात, सीमेवर चालत नाहीत. संवाद वजाच्या चिन्हाने सुरू होत असेल तर एक्सेल त्याला सूत्र समजतो.

महिरपी कंसातल्या क्रमांकांकडे विशेष लक्ष द्या, गेम चालताना त्यांच्या जागी खेळाडूचं किंवा वस्तूचं नाव भरलं जातं. भाषांतरकार मराठी कीबोर्डवर असतो, त्यामुळे कंसातला इंग्रजी शून्य सहज देवनागरी ‘०’ होऊन जातो. कोडच्या लेखी ते वेगळं अक्षर आहे, मग पडद्यावर खेळाडूच्या नावाऐवजी कंसच दिसतो किंवा गेम त्या ओळीवर बंद पडतो. मूळ ओळीतले सगळे कंस अनुवादात जसेच्या तसे आहेत का, हे तपासणारी दहा ओळींची स्क्रिप्ट प्रत्येक सेव्हनंतर चालवा.

कंसाला विभक्तीचा प्रत्यय चिकटवणं हाही बिघाडच आहे, फक्त उशिरा दिसतो. ‘नाशिक’ला ‘ला’ लावलं तर ‘नाशिकला’ होतं, पण ‘घोडा’चं ‘घोडाला’ आणि ‘तलवार’चं ‘तलवारने’ होऊन बसतं. वस्तूंच्या तक्त्यात सामान्यरूपाचा वेगळा रकाना ठेवा: घोडा–घोड्या, तलवार–तलवारी. लिंगाचाही ठेवा, कारण तलवार मिळाली, भाला मिळाला, धनुष्य मिळालं. हे दोन रकाने सुरुवातीला घातले तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. गेम पुरा झाल्यावर घालायचे तर प्रत्येक संवाद उघडावा लागतो.

की नेहमी साध्या रोमन अक्षरांत ठेवा आणि सेव्ह-गेममध्ये कीच लिहा, अनुवाद नव्हे. कोड ‘पंचवटी’ या दिसणाऱ्या शब्दाशी तुलना करत असेल तर भाषा बदलताच किंवा शुद्धलेखन सुधारताच खेळाडूचा जुना सेव्ह तिथेच अडकतो.

पाचवी: आयात आणि भाषेची नोंद

फाइल सुधारली तरी जुनंच दिसतंय? बहुतेक इंजिनं मूळ फाइल थेट वाचत नाहीत, तिच्यापासून बनवलेली वेगळी फाइल वाचतात. गोडोट सीएसव्हीपासून ‘ट्रान्सलेशन’ फाइल्स बनवतं आणि त्या प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये स्थानिकीकरणाखाली नोंदवाव्या लागतात. नोंद नसेल तर पडद्यावर नुसत्या की दिसतात. अनरियल या इंजिनमध्ये अनुवाद आयात केल्यावर संकलन म्हणजे कंपाइल करायचं राहून जातं. एडिटरमध्ये मराठी दिसते आणि पॅकेज केलेल्या गेममध्ये नाही, तर पॅकेजिंगच्या सेटिंगमध्ये मराठी निवडली आहे का आणि आंतरराष्ट्रीय भाषांचा संच पुरेसा मोठा आहे का ते बघा. भाषेचा कोड सगळीकडे एकच हवा: एका ठिकाणी नुसतं ‘एमआर’ आणि दुसरीकडे ‘एमआर-आयएन’ असं नको.

सहावी: फॉन्ट आणि मांडणी

चौकोन दिसत असतील तर देवनागरी असलेला फॉन्ट जोडा. नोटो सान्स देवनागरी मुक्त परवान्याचा आहे आणि गेमबरोबर वाटता येतो. विंडोजबरोबर आलेले मंगल किंवा निर्मला तसे भरून वाटू नका, विंडोजच्या परवान्यात त्याची मुभा नाही. फक्त ‘ॲ’च्या जागी चौकोन येत असेल तर फॉन्ट जुना आहे: हे अक्षर युनिकोडमध्ये ५.१ आवृत्तीत, २००८ मध्ये आलं. ‘ॲ’ न लिहिता ‘अ’वर चंद्र देऊन भागवू नका, संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द होतात.

शिरोरेघ तुटत असेल तर अक्षरांमधलं अंतर शून्य करा. इंग्रजी शीर्षकांना ते अंतर शोभतं, देवनागरीची रेघ त्याने फुटते. माथा किंवा तळ छाटला जात असेल तर ओळीची उंची सव्वा ते दीडपट करून बघा. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येत असतील तर त्या मजकुराची भाषा मराठी अशी इंजिनला सांगितलेली नाही. फॉन्टमध्ये मराठी वळण असलं तरी भाषा कळल्याशिवाय ते लागू होत नाही.

सातवी: बाइट बघा

इथून हेक्स एडिटर, म्हणजे फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणारं साधन, लागतो, तो फुकट मिळतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि ते ई० ए४ किंवा ई० ए५ ने सुरू होतं. ‘न’ म्हणजे ई० ए४ ए८. त्याच जागी सी३ ए० सी२ ए४ सी२ ए८ दिसलं तर मजकूर दोनदा एन्कोड झाला आहे: एकदा बरोबर, मग चुकीचा वाचून पुन्हा सेव्ह. उलट क्रिया करून, म्हणजे विंडोज-१२५२ मध्ये लिहून यूटीएफ-८ म्हणून वाचून, तो परत मिळवता येतो. मात्र एक खाच आहे आणि ती मराठीला थेट लागते. विंडोज-१२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत. हलन्ताचा तिसरा बाइट ८डी आहे, ऱ्हस्व उकाराचा ८१, ‘ए’चा ८एफ, ‘झ’चा ९डी. मधल्या एखाद्या प्रोग्रामने हे बाइट टाकून दिले असतील तर नेमके हलन्त आणि उकार जातात. म्हणून दुरुस्तीनंतर जोडाक्षरं असलेल्या ओळी डोळ्यांनी वाचा. ‘त्र्यंबकेश्वर’चं ‘तरयंबकेशवर’ झालं असेल तर ती फाइल सोडा आणि मूळ मागवा. अंदाजाने हलन्त भरत बसणं हे नव्याने भाषांतर करण्यापेक्षा जास्त चुका घडवतं.

आठवी: एकच शब्द, वेगळे संकेत

‘दऱ्या’ दोन प्रकारे लिहिला जातो: नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक, यू+२००डी. पडद्यावर दोन्ही सारखे. ‘न दिसणारी चिन्हं काढा’ असं म्हणणारी सफाईची स्क्रिप्ट दुसऱ्या प्रकारातला जोडक काढते आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. तसंच ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’. संपूर्ण फाइल पहिल्या प्रकारात आणा, मग जोडक गळण्याचा धोकाच राहत नाही. त्यानंतर एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे तेच अक्षर एकाच ठरलेल्या संकेतांत आणणारी युनिकोडची पद्धत, चालवा. ‘र’ आणि वेगळा नुक्ता असं लिहिलेलं त्यामुळे एकसंध ‘ऱ’ होतं. जोडक असलेला प्रकार मात्र एनएफसीने बदलत नाही, तो शोधून बदलावा लागतो.

नववी: जोडाक्षरं घडवणं

फाइल बरोबर, फॉन्ट बरोबर, तरी ‘नाशकि’. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, ती आधी काढणं हे चित्रकामाचं काम. जोडाक्षरांना स्वतःचे संकेत नसतात, ती फॉन्टच्या आतल्या नियमांनी घडतात. ते नियम वाचणारा भाग इंजिनमध्ये नसला तर फॉन्ट कितीही बदला, काही होत नाही. गोडोट ३ मध्ये तो नाही. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडोट ४ पासून हार्फबझ हा असा भाग आहे. अनरियलमध्येही हार्फबझ आहे. तिथे मजकुराची जुळवणी ‘पूर्ण’वर ठेवा. युनिटी या इंजिनमधलं मजकूर दाखवणारं टेक्स्टमेशप्रो देवनागरी घडवत नाही. ०९०० ते ०९७एफ हा देवनागरी संकेतांचा सगळा पट्टा ॲटलासमध्ये, म्हणजे फॉन्टच्या चित्रांच्या संचात, भरला तरी जोडाक्षरांची चित्रं त्यात येत नाहीत. युनिटी ६ च्या यूआय टूलकिटमधला प्रगत मजकूर जनरेटर हार्फबझवर चालतो, तो वापरा. इंजिन बदलणं शक्यच नसेल तर बिल्डच्या वेळी मजकूर आधीच घडवून खासगी संकेतांत बदलणारी पायरी लिहावी लागते. ती फक्त बनवलेल्या फाइलला लावा, मूळ फाइल शुद्ध मराठीत राहू द्या.

संवाद एकेक अक्षर उमटत येत असेल आणि उमटतानाच तुटत असेल तर कोड संकेत मोजतोय. त्याला अक्षरगट, म्हणजे एकत्र उमटणारं अख्खं अक्षर, मोजायला लावा. जुन्या लायब्ररी ‘त्र्यं’चे तीन तुकडे करतात. जोडाक्षर एकत्र ठेवण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ मध्ये आला.

दहावी: जागेची मर्यादा आणि बायनरी फाइल्स

‘गोदावरी’ रोमनमध्ये आठ बाइट, मराठीत सात संकेत म्हणजे एकवीस बाइट. ‘त्र्यंबकेश्वर’ तेरा संकेतांचं, एकोणचाळीस बाइटचं. बत्तीस बाइटच्या रकान्यात, शेवटचा शून्य बाइट धरून, त्यातलं ‘त्र्यंबकेश’ एवढंच मावतं आणि अर्धा बाइटगट लोंबकळतो, तेच काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. रकाना रोमन अक्षरांच्या तिप्पट नव्हे, चौपट धरा, आणि कापायचंच झालं तर अक्षरगटाच्या सीमेवर कापा. जुन्या खेळांत मजकुरामागोमाग पत्त्यांचा तक्ता असतो, म्हणजे कोणती ओळ फाइलमध्ये कुठे सुरू होते त्याची यादी. एक ओळ लांबली की पुढच्या सगळ्या ओळींचे पत्ते चुकतात आणि एका संवादात आधीच्याचं शेपूट दिसतं. पत्ते हाताने बदलू नका, सगळा तक्ता साधनाने नव्याने बांधा.

इथे थांबा

प्रश्नचिन्हांची फाइल असेल आणि मूळ कुठेच नसेल तर पैसे भाषांतरासाठी ठेवा, दुरुस्तीवाला काही परत आणू शकणार नाही. इंजिनच्या आत हार्फबझ बसवायचं असेल तर सी++ जाणणारा ग्राफिक्स प्रोग्रामर लागतो, सेटिंग चाळून ते होत नाही. फाइलवर चेकसम किंवा स्वाक्षरी (फाइल बदलली आहे का हे ओळखणारी खूण) असेल, कन्सोलचं बिल्ड असेल, किंवा खेळ दुसऱ्याचा असेल तर पुढे जाण्याआधी मूळ विकसकाशी बोला. त्यांच्या परवानगीशिवाय आणि साधनांशिवाय ते पॅकेज पुन्हा बांधू नका.

प्रोग्रामरला बोलावताना पाच गोष्टी एकत्र द्या: हात न लावलेली मूळ फाइल, चाचणीच्या ओळीचा गेममधला स्क्रीनशॉट, त्याच ओळीचा ब्राउझरमधला स्क्रीनशॉट, त्या ओळीचे हेक्स बाइट, आणि इंजिन व फॉन्ट यांच्या नेमक्या आवृत्त्या.